एकहाती वापरलेला

इतिहासाचे दोन प्रकार असतात, असं आमचे शाळेतले इतिहासाचे मास्तर सांगत. एक बखरीतला आणि दुसरा अस्सल कागदांतला. बखरीत घोडे फार, कागदांत हिशेब फार. आणि दोन्हींचं जमलं नाही तर हिशेबावर विश्वास ठेवावा. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. ती साधनं म्हणजे व्यवहारी भाषेत बोलायचं तर सगळा सेकंडहँड मालच! कुणीतरी वापरून टाकलेला कागद. घरच्यांच्या लेखी रद्दी, राजवाड्यांच्या लेखी इतिहास. त्यामुळे वापरलेल्या वस्तूंच्या जाहिराती वाचण्यात मी रोज सकाळचा जो अर्धा तास घालवतो तो वाया जातो, असं आमच्या घरात जे बोललं जातं ते शास्त्राला धरून नाही.

जाहिरात ही बखर असते. माझ्या तरुणपणी, म्हणजे १९७०च्या आगेमागे, जुन्या मोटारींच्या जाहिरातींत गाडी हटकून 'डॉक्टरांनी वापरलेली' असे. त्या खऱ्या मानायच्या तर मुंबई-पुण्यात डॉक्टर सोडून मोटार कुणी घेतच नव्हतं आणि डॉक्टर लोक ती घेतल्याघेतल्या विकत होते. स्कूटरची तऱ्हा आणखी निराळी. नवी बजाज हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. मुलीसाठी स्थळं बघायला लागताना जावयाच्या स्कूटरचा नंबर लावून ठेवणारे दूरदर्शी सासरे मी पाहिलेले आहेत. त्यामुळे हातात लगेच मिळणारी वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग पडे. वापरल्याने वस्तूची किंमत वाढते, हा सिद्धांत आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. माणसांच्या बाबतीत तो अजून लागू झालेला नाही.

आता ही बखर मोबाइलवर येते आणि तिची भाषा बदलली आहे. 'गोप्रो हीरो सेव्हन ब्लॅक. सिंगल हँड यूज. नॉट अ स्क्रॅच. ओन्ली फॉर रेसिंग. जेन्युइन बायरनेच फोन करावा.' ही जाहिरात माझ्या भाच्याने मला वाचून दाखवली. भाचा इंजिनिअर आहे. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीला खुर्चीत बसतो आणि रविवारी हडपसरच्या पलीकडे एका मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलवरून हवेत उडतो. याला डर्ट ट्रॅक रेसिंग म्हणतात. सबंध आठवडा ज्याच्या अंगाला धूळ लागत नाही, त्याने ती रविवारी पैसे भरून लावून घ्यायची, असा तो खेळ आहे. आपण वळणावर कुठे मार खातो हे समजायला त्याला छातीवर लावायचा ॲक्शन कॅमेरा हवा होता; नवा परवडत नव्हता.

"मामा, तू चल. तुला घासाघीस जमते."

माझ्याविषयी घरात जी काही चांगली मतं आहेत, त्यांतलं हे एक. पण मी कोणतीही वस्तू घेताना आधी तिचं कूळ बघतो. स्थळ पाहायला जाताना गोत्र विचारतात आणि कॅमेरा घेताना मात्र मेगापिक्सेल विचारतात, हे मला पटत नाही. म्हणून आठ दिवस मी शर्यतीच्या गाडीवर कॅमेरा चढला कसा, याचा शोध घेतला. तो इथे थोडक्यात देतो. थोडक्यात म्हणजे माझ्या थोडक्यात.

१९६६ सालचं जॅकी स्टुअर्टचं एक छायाचित्र आहे. स्कॉटलंडचा हा पठ्ठ्या पुढे तीनदा जगज्जेता झाला. फोटोत त्याच्या हेल्मेटवर निकॉनचा अख्खा कॅमेरा बसवलेला आहे. लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर बाशिंग एका बाजूला कलतं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तोच स्टुअर्टच्या चेहऱ्यावर आहे: लोकांची हौस आहे, होऊ दे. त्याच वर्षी जूनमध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे भर पावसात त्याची गाडी रस्ता सोडून गेली. पेट्रोलने भिजलेला तो पंचवीस मिनिटं गाडीत अडकून पडला होता. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट या दोघा शर्यतवाल्यांनी आपापल्या गाड्या सोडून, एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून, त्याचं स्टीयरिंग खोललं आणि त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून स्टुअर्ट गाडीत स्टीयरिंगला एक पाना चिकटवून ठेवू लागला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. कॅमेरा लोकांसाठी, पाना स्वतःसाठी.

कारण तेव्हा कॅमेरा हा लोकांसाठीच असे. त्याच १९६६ साली जॉन फ्रँकनहायमरने 'ग्राँ प्री' नावाचा चित्रपट काढला. गाड्यांवर भलेमोठे कॅमेरे बांधून, खऱ्या शर्यतींच्या मैदानांवर खऱ्या शर्यतवाल्यांना घेऊन तो चित्रित केला. फिल हिलसारख्या माजी जगज्जेत्याने त्यासाठी कॅमेऱ्याची गाडी चालवली. पण कॅमेरा कुणाचा? सिनेमावाल्यांचा. शर्यतवाला हा नुसता हमाल.

या हमालीचा कळस १९७० साली झाला आणि ती हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्टीव्ह मॅक्वीन या नटाला 'ल मॉं' हा चित्रपट काढायचा होता. ल मॉं ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत. ड्रायव्हर आळीपाळीने बदलतात, गाडी तीच. मॅक्वीन स्वतः उत्तम गाडी चालवायचा. त्याच वर्षी अमेरिकेत सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत, पाय प्लास्टरमध्ये असताना, पीटर रेव्हसन या जोडीदाराबरोबर तो दुसरा आला होता. ती गाडी होती पोर्शे ९०८. पुढे हीच गाडी, म्हणजे लक्षात घ्या, वापरलेली गाडी, त्याच्या चित्रपट कंपनीने ल मॉंच्या खऱ्या शर्यतीत उतरवली. पण अंगावर कॅमेरे बांधून. हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स हे दोघे ती चालवत होते. आता गंमत अशी, की फिल्मचं रीळ काही चोवीस तास पुरत नाही. त्यामुळे बाकीच्या गाड्या पेट्रोल भरायला आणि टायर बदलायला थांबत, तर ही गाडी रीळ बदलायला थांबे. चोवीस तास असा संसार करूनही ती अंतराच्या हिशेबात नववी आली. पण नियमाप्रमाणे जेवढं अंतर कापायला हवं होतं तेवढं भरलं नाही म्हणून निकालाच्या यादीत तिचं नावच आलं नाही. त्या वर्षी मुळात सातच गाड्या यादीत आल्या. पंगतीत सगळ्यांना वाढणारा माणूस शेवटी उपाशी राहतो, तसा हा प्रकार. लिंगे आणि विल्यम्स यांच्याविषयी मला वाटणारा आदर मॅक्वीनविषयी वाटत नाही, तो याच कारणाने.

पुढचा टप्पा टेलिव्हिजनचा. १९७९ साली ऑस्ट्रेलियात बाथर्स्टच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकामध्ये कॅमेरा बसवून धावत्या गाडीतून थेट प्रक्षेपण केलं गेलं. गाडीतल्या चित्राचा संदेश डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरकडे, तिथून स्टेशनकडे आणि तिथून घरोघर. शिवाय विल्यमसनने गाडी चालवता चालवता समालोचकांशी गप्पा मारायच्या! आपल्याकडे एसटीत 'ड्रायव्हरशी बोलू नये' अशी पाटी असे, त्या काळची ही गोष्ट आहे.

फॉर्म्युला वनमध्ये हे खूळ १९८५ साली आलं. जर्मन ग्राँ प्रीसाठी रेनो कंपनीने आपल्या दोन नेहमीच्या गाड्यांखेरीज तिसरी गाडी आणली, ती मुख्यतः कॅमेरा वाहून नेण्यासाठी. चालवायला फ्रान्स्वा एनो हा फ्रेंच तरुण. आठ फेऱ्यांनंतर त्याचा क्लच गेला. घरी बसलेल्या लोकांनी जगात प्रथमच फॉर्म्युला वनच्या शर्यतीत ड्रायव्हरच्या बाजूने काय दिसतं ते पाहिलं. आणि ते दाखवणारा एनो त्यानंतर फॉर्म्युला वनच्या एकाही शर्यतीत उतरला नाही. त्याच्या घरी त्या आठ फेऱ्यांची फिल्म असेल का, असा एक प्रश्न मला त्या आठवड्यात सारखा पडत होता. कारण कॅमेरा त्याचा नव्हता, चित्र त्याचं नव्हतं, क्लचसुद्धा कंपनीचाच.

सांगायचा मुद्दा हा, की १९६६पासून कॅमेरा शर्यतीत होता, पण शर्यतवाल्याचा नव्हता. आणि ज्याचा नाही तो विकणार कसा? त्यामुळे या मालाचा जुना बाजार भरायला पुढची पंचवीस वर्षं जावी लागली.

मधल्या काळात हौशी लोकांनी खटपटी केल्या नाहीत असं नाही. १९८७ साली अमेरिकेत मार्क शुल्झ नावाच्या गृहस्थांनी मोटारसायकलच्या हेल्मेटवर व्हिडिओ कॅमेरा बसवला, वायर काढून पाठीवरच्या पिशवीतल्या व्हीसीआरला जोडली आणि सायकलवरून डोंगर उतरले. पाठीवर व्हीसीआर! त्या काळात आमच्या चाळीत व्हीसीआर भाड्याने आणायचा तर तो रिक्षातून मांडीवर घेऊन, खड्डा आला की बाळासारखा वर उचलून आणत. हा माणूस तो घेऊन डोंगरावरून खाली आला. पुढे लिपस्टिकएवढे कॅमेरे निघाले. पण त्यांचीही वायर पिशवीतल्या मोठ्या कॅमेऱ्यालाच जोडायची. म्हणजे उंदीर लहान झाला, शेपूट तेवढंच.

शेपूट कापलं निक वूडमन या कॅलिफोर्नियातल्या तरुणाने. त्याची एक इंटरनेट कंपनी आधी बुडाली होती. मन रमवायला तो ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडे लाटांवर फळीने घसरायला गेला. लाटेवर असताना आपलाच फोटो आपल्याला काढता यावा म्हणून त्याने मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा केला. लक्षात ठेवा, शोध पट्ट्याचा आहे. कॅमेरा चीनमध्ये बनवून घेतलेला. २००२ साली त्याने कंपनी काढली. भांडवल म्हणून बालीहून आणलेले शंखशिंपल्यांचे कमरपट्टे गाडीतून हिंडून विकले. आईने ३५ हजार डॉलर उसने दिले आणि पट्टे शिवायला आपलं शिवणयंत्र दिलं. आपल्याकडे मुलगा असल्या धंद्यात पडला तर आई शिवणयंत्राला कुलूप लावील. २००४ साली पहिला 'हीरो' कॅमेरा बाजारात आला, तोसुद्धा साधा, फिल्मचा रोल घालायचा! मग दहा सेकंदांची चलच्चित्रं घेणारा डिजिटल आला. आणि एके दिवशी वूडमन मोटार शर्यतीच्या शाळेत शिकायला गेला असता तिथे कॅमेरा भाड्याने देतात असं त्याला समजलं. भाडं ऐकून त्याच्यातला शिवणयंत्रवाला जागा झाला. त्याने मनगटाचा कॅमेरा काढला आणि गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून जी वाकवलेली नळी असते तिला बांधून टाकला. पाण्यातली वस्तू मोटारीत आली ती अशी, भाडं वाचवण्यासाठी. पुणेकराला हा इतिहास समजायला अवघड जाऊ नये.

२००९ साली स्वच्छ, ठसठशीत चित्र देणारा 'एचडी हीरो' निघाला आणि मग शर्यतवाल्याची हमाली संपली. कॅमेरा त्याचा, चित्र त्याचं, पडझड त्याची. जून २०१४मध्ये कंपनीचा शेअर २४ डॉलरला बाजारात आला, ऑक्टोबरात नव्वदीच्या वर गेला आणि २०१८ संपता संपता पाच डॉलरच्या खाली उतरला. म्हणजे कॅमेऱ्याच्या आधी कंपनीच सेकंडहँड भावात मिळू लागली.

हे सगळं मी भाच्याला गाडीत सांगितलं. चिंचवड येईपर्यंत १९८५ साल झालं होतं. त्याने रेडिओ लावला.

तर, वापरलेला कॅमेरा पाहायचा कसा? नाणेशास्त्राप्रमाणे इथेही आधी काळ ठरवावा. पाण्यात न्यायला वेगळी डबी लागते, तर तो २०१४चा 'हीरो फोर' किंवा त्याआधीचा. डबीशिवाय भिजू शकतो, तर २०१६चा 'पाच' किंवा नंतरचा. २०१८च्या 'सात'पासून चित्राचा हादरा आतल्या आत निवतो. त्याआधीचं चित्रीकरण पाहताना एसटीच्या शेवटच्या सीटचा अनुभव येतो. भिंगावरची काच बहुतेकांत बदलता येते, पण २०१९च्या 'आठ'मध्ये नाही. तिथे ओरखडा हा जन्माचा ओरखडा. बॅटरी सहज बाहेर यावी. अडकली तर ती फुगलेली असते आणि फुगलेल्या बॅटरीपाशी, फुगलेल्या माणसापाशी थांबावं तितकंसुद्धा थांबू नये. झाकणाची रबरी कड बोटाने चाचपून पाहावी. आणि वीस मिनिटं सलग चालू ठेवून पाहावा, कारण हे कॅमेरे तापतात आणि तापले की आपण होऊन बंद पडतात.

विकणारेही तीन जातींचे. पहिला लडाखवाला. हा कॅमेरा घेतो, लडाखला जातो, सात तास स्वतःच्या हँडलचं आणि ट्रकच्या मागच्या बाजूचं चित्रण करतो, परत येतो आणि विकतो. त्याच्या कॅमेऱ्याला कधी चरासुद्धा नसतो. दुसरा, ज्याला तो सासुरवाडीकडून भेट आला आहे. तिसरा शर्यतवाला. त्याच्या कॅमेऱ्याच्या स्क्रूत माती असते, चिकटपट्टीखाली आधीच्या चिकटपट्ट्यांचे थर असतात आणि एका कोपऱ्याला भोक पाडून तारेचा एक फास लावलेला असतो; शर्यतीआधी तपासणी करणारे लोक असा फास असल्याशिवाय सोडत नाहीत. हेल्मेटवर तर बहुतेक ठिकाणी लावूच देत नाहीत. रस्त्यावरसुद्धा केरळच्या मोटार वाहन खात्याने २०२२ साली हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांविरुद्ध दंडुका उगारला. डोक्याला जो मार बसायचा तो गुळगुळीत हेल्मेटवरून घसरून जावा अशी योजना असते. मध्येच कॅमेऱ्याचं शिंग असलं तर ती फसते.

चिंचवडचं घर जुन्या बैठ्या कॉलनीतलं निघालं. दार विकणाऱ्यानेच उघडलं आणि जाहिरातीतलं 'सिंगल हँड' हे शब्दशः खरं असल्याचं दिसलं. पंचविशीतला मुलगा, डावा हात गळ्यातल्या झोळीत. कॉलरबोन मोडलं होतं. मातीच्या ट्रॅकवर पडणारा माणूस खांद्यावर पडतो, त्यामुळे हे हाड त्या जमातीत मोडतच असतं, असं भाच्याने मला हळूच सांगितलं. आपल्या बहिणीला हे माहीत आहे का, हे विचारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून वडील आले. कारखान्यातून निवृत्त झालेले असावेत. पांढरा लेंगा, हातात वर्तमानपत्र.

"मोटारसायकल गेली, बूट गेले, हेल्मेट गेलं," ते म्हणाले. "एवढंच राहिलंय. काय द्यायचं ते द्या आणि घेऊन जा."

विकणाराच असा बोलला की माझ्यासारख्या घासाघीस करणाऱ्याची पंचाईत होते. मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "काका, चौदा हजार लिहिलेत. छातीचा पट्टा, दोन बॅटऱ्या, सगळं आलं."

भाच्याने भिंग पाहिलं, बॅटरी काढली-घातली, झाकण चाचपलं. मग वीस मिनिटांची परीक्षा सुरू झाली आणि कॅमेरा टीपॉयवर वडिलांच्या दिशेने तोंड करून बसला. वडील पेपरच्या आड गेले. आई पोहे घेऊन आल्या. त्या वीस मिनिटांत मला त्या घराची बखर समजली. वडिलांना हा नाद कधीच पसंत नव्हता. तीन वर्षांत ते एकदाही ट्रॅकवर गेले नाहीत. "मी म्हटलं होतं, मला बोलवू नकोस, मी येणार नाही," असं त्यांनी पेपरच्या आडूनच सांगितलं. गेल्या महिन्यात मुलगा पडला, तेव्हा त्यांना फोन आला आणि ते परस्पर दवाखान्यात पोहोचले. मुलाला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. शुद्ध आली ती ॲम्ब्युलन्समध्ये. पुढच्या वर्षी लग्न करायचं म्हणतात. तेव्हा हा नाद संपला.

कॅमेरा तापला, पण बंद पडला नाही. भाचा म्हणाला, "आधीचं एखादं शूटिंग दाखवशील? धावत्या गाडीवर चित्र हलतं का ते बघायचंय."

कार्ड आतच होतं. मुलाने एका हाताने, अंगठ्याने, ती बोटभर पडद्याची फीत सरकवली. प्रत्येक चित्रणाची सुरुवात सारखीच: आधी त्याचं मोठं थोरलं नाक, मग हेल्मेटमधले डोळे, बटण दाबलं गेलंय का याची खात्री करून घेणारे. शेवटही सारखाच: घामेजलेला चेहरा, एक बोट पुढे येतं आणि अंधार. जॅकी स्टुअर्टपासून पन्नास-साठ वर्षांत एवढा फरक पडला होता. चित्राच्या दोन्ही टोकांना आता शर्यतवाला स्वतः उभा होता.

"हे शेवटचं मी बघितलेलं नाही," तो म्हणाला. "बघवलं नाही." आणि बहुतेक आम्ही गिऱ्हाईक म्हणून आलो होतो त्या भिडेपोटी, किंवा एकट्याने बघण्यापेक्षा परक्यांसमोर बघणं सोपं म्हणून, त्याने ते लावलं.

नाक, डोळे, सुरुवात. मग माती, उडी, वळण, पुन्हा माती. पडणं असं काही दिसलंच नाही. सिनेमात दिसतं तसं काही नसतं. एकदा आभाळ दिसलं, एकदा जमीन, आणि मग चित्र स्थिर झालं: गवताची पाच-सहा पाती आणि पलीकडे कुंपणाचा बांबू. पट्ट्यातून कॅमेरा निसटून बाजूला जाऊन पडला होता आणि आपलं काम इमानाने करत होता. शिट्ट्या ऐकू आल्या. बूट धावत गेले. कुणीतरी "हलवू नका, हलवू नका" म्हणत होतं. मग बूट नव्हेत असे पाय आले. चामडी सँडल, धुळीने भरलेली पांढरी पँट. आणि आवाज आला. मुलाच्या घरातल्या नावाने हाक मारणारा. एकदा, दोनदा, मग सारखा.

मी पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. पडल्यापासून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. चिंचवडहून हडपसरच्या पलीकडे दोन मिनिटांत पोहोचणाऱ्या गृहस्थाला खरं तर फॉर्म्युला वनवाल्यांनी शोधत यायला हवं. बखर आणि अस्सल कागद यांचा असा मतभेद समोरासमोर, पोह्यांच्या बशीशेजारी होताना मी प्रथमच पाहत होतो. मास्तर असते तर त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली असती. मी मात्र पोह्यांतली मिरची बाजूला काढण्याचं काम हाती घेतलं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "तुम्ही तिथे होतात?"

पेपर हलला नाही.

"त्या बाजूला काम होतं," वडील म्हणाले.

"दर वेळी?"

यावर उत्तर आलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना हे माहीत असावं असं मला वाटलं, कारण त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. फक्त "चहा टाकते" म्हणाल्या आणि चहा मात्र टाकायला गेल्या नाहीत.

घासाघीस अशी झालीच नाही. भाच्याने चौदा हजार मोजून दिले. मुलगा म्हणाला बारा पुरेत. भाचा म्हणाला चौदा लिहिलेत तर चौदा. ही उलटी घासाघीस थांबवून मी तेरावर तोडगा काढला आणि माझी अब्रू राखली. कॅमेरा, पट्टा, बॅटऱ्या पिशवीत गेल्या. निघताना भाच्याने कॅमेरा उघडला, नखाने कार्ड बाहेर काढलं आणि मुलापुढे धरलं. जाहिरातीत कार्डासकट असं लिहिलेलं होतं. मुलाने ते घेतलं. मग वडिलांनी पेपर खाली ठेवला, त्याच्या हातातून ते नखाएवढं कार्ड घेतलं, चष्म्याच्या घरात ठेवलं आणि ते घर खिशात टाकलं.

आम्हाला सोडायला ते फाटकापर्यंत आले. मुलगा आतच राहिला होता. भाच्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत त्यांनी त्याला विचारलं, "तुमची आता कधी आहे?"

"येत्या रविवारी. सकाळी नऊला सराव. का? येताय का?"

"छे, छे," ते म्हणाले. "रविवारी माझं त्या बाजूला काम असतं."